फिलेमोनाचं पत्र: पौलानं अनेसिमाला परत का पाठवलं?

प्रवराकाठ

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबल अभ्यासाला फिलेमोनाचं पत्र घेतलं होतं. पाळकांनी दरवेळी शिकवतात तसंच शिकवलं. नोकर चुकला, पळाला, पौलाला भेटला, सुधारला, धन्याकडे परत गेला, धन्यानं पोटात घातलं. क्षमेचं पत्र. शेवटची प्रार्थना व्हायची होती, तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "तो पळाला कशाला होता? आणि सुटला होता, तर परत का पाठवलं?" कुणीच बोललं नाही. मीही नाही, आणि मी तिथे वीस वर्षं शिकवतेय. तो प्रश्न घरी घेऊन आले, अजून डोक्यातून गेलेला नाही. म्हणून इथे मांडते.

ज्यांनी पत्र वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पौल म्हणजे येशूचा संदेश गावोगावी पोचवणारा सुरुवातीचा प्रचारक. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, त्याची जी पत्रं आहेत त्यांतलं हे सगळ्यात छोटं, फक्त 25 वचनांचं. येशूला क्रुसावर देऊन तीसेक वर्षं झाली असतील-नसतील. पौल तुरुंगात आहे आणि फिलेमोन नावाच्या गृहस्थाला लिहितोय. हा फिलेमोन बहुधा कलस्सै गावचा. आजच्या तुर्कस्तानात देनिझलीजवळ, लायकस नदीच्या खोऱ्यात हे गाव होतं. घर ऐसपैस असणार, कारण मंडळी त्याच्याच घरी जमते आणि पाहुण्याला द्यायला खोली आहे. घरात गुलाम आहेत. त्यांतला एक अनेसिम. तो कसा कोण जाणे तुरुंगातल्या पौलापर्यंत पोचला, ख्रिस्ती झाला, पौलाच्या हाताशी राहिला. आणि पौल त्याच्याच हाती पत्र देऊन त्याला धन्याकडे धाडतो. सोळाव्या वचनात म्हणतो, याला आता दास म्हणून नको, दासाहून जास्त, प्रिय भाऊ म्हणून घरात घे.

हे वाक्य सुंदर आहे, मी नाकारत नाही. पण "याला मोकळं कर" एवढे तीन शब्द पौलानं लिहिले नाहीत. आणि जे लिहिलं नाही त्याची किंमत पौलानं मोजली नाही, दुसऱ्यांनी मोजली. रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक लोखंडी कडं आहे, माणसाच्या गळ्यात अडकवायचं, चौथ्या-पाचव्या शतकातलं. त्याला ब्राँझचा बिल्ला लटकतो, आपण कुत्र्याच्या पट्ट्याला लावतो तसा. त्यावर कोरलंय: मी पळालो आहे, मला धर, माझ्या मालकाकडे, झोनिनसकडे, परत नेलंस तर एक सोन्याचं नाणं मिळेल. तोवर साम्राज्य ख्रिस्ती झालेलं होतं. सार्डिनियात सापडलेल्या अशाच एका कड्यावर मालक म्हणून फेलिक्स नावाच्या आर्चडीकनचं नाव आहे. चर्चचा अधिकारी! त्यानं हे पत्र वाचलं नसेल? नक्की वाचलं असेल. आणि ते वाचूनही त्याच्या हाताला कडं अडकवताना काही झालं नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे पत्र आपण मुक्तीचं म्हणून मिरवू नये, आणि क्षमेचं म्हणून तर मुळीच शिकवू नये. त्यात एक मोठा गप्पपणा आहे. तो मुलांना सांगितला पाहिजे.

वसईवारा

ताई, प्रश्न मोलाचा, पण उत्तराशी मी सहमत नाही. तुम्ही पत्रात काय लिहिलं नाही ते पाहताय. जे लिहिलंय ते कसं लिहिलंय हे एकदा सावकाश पाहा.

पहिली गोष्ट, हे खाजगी पत्र नाही. वर नाव फिलेमोनाचं, पण पाठोपाठ अप्फियेचं, अर्खिप्पाचं आणि "तुझ्या घरी जमणाऱ्या मंडळीचं". म्हणजे हे भर मंडळीत मोठ्यानं वाचलं जाणार. डोळ्यांसमोर आणा. फिलेमोनाचं अंगण, शेजारपाजारचे लोक, घरातले बाकीचे गुलामही तिथेच कुठेतरी उभे. आणि सगळ्यांदेखत वाचलं जातंय की मला तुला हुकूम करता आला असता, पण प्रेमाखातर विनवतोय. नंतर, त्यानं तुझं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. आणि मग, "मी पौल, हे माझ्या हातानं लिहितोय, मी फेडीन." त्या काळी कर्जरोख्यावर असंच लिहून द्यायचे. लगेच पुढे: तू स्वतः माझं केवढं देणं लागतोस हे मी बोलत नाही. शेवटी सांगतो, माझ्यासाठी खोली तयार ठेव.

खोली कशाला? तो येऊन बघणार आहे! आपल्याकडे एखादा मामा घरातला तंटा मिटवताना "पुढच्या महिन्यात येतोच मी" म्हणून उठतो ना, तसं. एवढं सगळं झाल्यावर फिलेमोन अनेसिमाला चाबकानं मारेल? कुठल्या तोंडानं?

हुकूम दिला असता तर फिलेमोनानं एक गुलाम सोडला असता. पौलाला त्याची नजर बदलायची होती.

प्रवराकाठ

वसईवारा, दडपण आहे हे मान्य. पण एकविसावं वचन घ्या: "मी म्हणतो त्याहून जास्त करशील हे मला ठाऊक आहे." हे "जास्त" म्हणजे काय? तुम्ही म्हणाल मुक्ती. दुसरा म्हणेल, पौलाच्या सेवेला परत पाठवून दे एवढंच, कारण तेराव्या वचनात तो म्हणतोच की याला मी माझ्याजवळ ठेवून घेणार होतो. ज्याच्या गळ्याचा प्रश्न आहे त्याच्यासाठी इतकं मोघम बोलणं मला पटत नाही.

खडूफळा

तीस वर्षं इतिहास शिकवला, त्या अधिकारानं दोन-तीन गोष्टी.

अनेसिम पळाला होता असं पत्रात कुठेही म्हटलेलं नाही. शोधून पाहा. अकराव्या वचनात तो "पूर्वी तुला निरुपयोगी" होता एवढं आहे, पंधराव्यात "थोडा काळ दूर झाला". अठराव्यात "त्यानं तुझा काही अपराध केला असेल किंवा देणं असेल तर". असेल तर! पळून गेला, चोरी केली, ही सगळी गोष्ट वाचणाऱ्यांनी रचली. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम या नामवंत प्रवचनकारानं या पत्रावर प्रवचनं दिली, त्यांत ती ठळक झाली, आणि आजतागायत तीच सांगितली जाते. 1985 मध्ये पेटर लाम्पे या जर्मन अभ्यासकानं वेगळा मुद्दा मांडला. रोमन कायद्यात, गुलाम मालकाच्या एखाद्या मित्राकडे "मध्यस्थी करा" म्हणून गेला, तर तो फरारी धरत नसत. अनेसिम पौलाकडे मुद्दाम गेला असेल तर तो पळाला नव्हता, दाद मागायला गेला होता. मग परत जाणं हा त्याच्याच बेताचा भाग ठरतो.

अशा मध्यस्थीचा नमुनाही उपलब्ध आहे. साधारण पन्नास वर्षांनी धाकटा प्लिनी या रोमन लेखकानं साबिनियानस नावाच्या मित्राला असंच पत्र लिहिलं, त्याच्या घरातल्या एका मुक्त झालेल्या गुलामासाठी. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. प्लिनी म्हणतो, तो माझ्या पायांवर पडला, रडला, मी त्याला चांगलाच झापलाय, पुन्हा त्याच्यासाठी शब्द टाकणार नाही अशी तंबीही दिलीय, तेव्हा एवढ्या वेळी सोड. पौलाच्या पत्रात यातलं काहीच नाही. अनेसिमाला पश्चात्ताप झालाय, तो क्षमा मागतोय, असं एक अक्षरही नाही. तेव्हा "क्षमेचं पत्र" हे शिकवणं चूक, इथवर प्रवराकाठ यांच्याशी मी शंभर टक्के सहमत. पण त्यातून निघतं ते तुमच्याविरुद्ध. पौल अनेसिमाला गुन्हेगार मानतच नाही!

आता तुरुंग कुठला? परंपरा रोम सांगते. तसं असेल तर अनेसिमानं दीड-दोन हजार किलोमीटर जमीन आणि समुद्र ओलांडला. अनेकांना इफिस, आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिमेकडचं शहर, जास्त संभवतं. तिथून कलस्सै पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, आठवडाभराची पायपीट. पौल "खोली तयार ठेव" म्हणतो ते इफिसहून म्हणणं सोपं. मीही इफिसच्या बाजूचा आहे.

साधावाचक

सर, पण तो दाद मागायला गेला असेल तर मालक त्याला काय करत होता हेही विचारायला नको का? सुखासुखी कुणी दोनशे किलोमीटर चालत नाही.

निळीपाटी

साधावाचक यांनी जे विचारलं ते या धाग्यावर सगळ्यात आधी यायला हवं होतं.

मी ख्रिस्ती नाही. हे पत्र मी फुल्यांमुळे वाचलं. 1873 ची "गुलामगिरी" त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, काळ्या गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. त्या लोकांविषयी वाचत गेले आणि कळलं की त्यांतल्या अनेकांना आधी आपल्याच चर्चशी भांडावं लागलं, आणि त्या भांडणात हे एक पान पुनःपुन्हा पुढे केलं जायचं.

1850 मध्ये अमेरिकेत, उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांतल्या तडजोडीचा भाग म्हणून, पळालेला गुलाम पकडून देण्याचा कडक कायदा आला. गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतल्या माणसानंही पळालेल्याला आसरा द्यायचा नाही, उलट पकडायला मदत करायची. त्याच वर्षी अँडोव्हरचे बायबलचे नावाजलेले प्राध्यापक मोझेस स्टुअर्ट यांनी पुस्तिका काढून या तडजोडीची बाजू घेतली. पौलानं अनेसिमाला परत पाठवलं की नाही, मग?

त्याच्या आधीची, 1830 च्या दशकातली एक गोष्ट आहे. जॉर्जियात चार्ल्स कॉलकॉक जोन्स हे पाद्री गुलामांना याच पत्रावर प्रवचन देत होते. पौलाचा दाखला देऊन त्यांनी पळून जाणं निषिद्ध ठरवलं. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की समोरचे निम्मे लोक उठून चालते झाले. जे थांबले त्यांतले काही नंतर म्हणाले, असलं पत्र बायबलात नाहीच. काही म्हणाले, ही सुवार्ता, म्हणजे येशूची शिकवण, नव्हे. काही म्हणाले, तुम्ही मालकांना खूश करायला बोलता. वाचता न येणारी माणसं होती ती, बहुतेक. वाचायला शिकवणं तिथे बेकायदा होतं. पण पत्राचा असा वापर खोटा आहे हे त्यांना उभ्या उभ्या कळलं.

वसईवारा, तुम्ही म्हणता पौलाला नजर बदलायची होती. अठराशे वर्षांनी मालकाची नजर तीच होती. मग पत्र चुकलं की वाचणारे?

वसईवारा

निळीपाटी, ती उठून गेलेली माणसं वाचून मी थोडा वेळ काहीच टंकू शकलो नाही. हे मला माहीत नव्हतं.

आमच्याकडचंही सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. सोळाव्या शतकात जुन्या गोव्याच्या रुआ दिरेता या मुख्य रस्त्यावर माणसांचा लिलाव व्हायचा. डच प्रवासी लिन्स्होटेननं 1580 च्या दशकात स्वतः पाहून लिहिलंय. आणि त्याच गावात चर्चमागून चर्च. ही पत्रं तिथे वाचली जात होतीच. तेव्हा वाचणारे चुकले का, तर हो, पिढ्यान् पिढ्या चुकले.

पण पौलाला त्याच्या काळात उभं करून न्याय द्या. इ.स. 61 मध्ये रोममध्ये पेदानियस सेकुंदस या बड्या अधिकाऱ्याला त्याच्याच एका गुलामानं मारलं. कायदा असा की त्या छपराखालचे सगळेच गुलाम मारायचे. चारशे माणसं होती, बायका-मुलं धरून. लोक रस्त्यावर उतरले, सिनेटमध्ये चर्चा झाली, आणि शेवटी चारशेच्या चारशे मारले. टॅसिटस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय. हे पौलाच्या हयातीतलं, या पत्राच्या आगेमागे काही वर्षांतलं. अशा राज्यात साखळीतला एक म्हातारा कैदी "गुलामांना सोडा" म्हणून जाहीर लिहितो असं धरा. कोण मेलं असतं? आधी अनेसिम. मग ती घरात जमणारी वीस-पंचवीस माणसं.

प्रवराकाठ

पण "परत पाठवू नका" असा धडधडीत नियम पौलाच्या स्वतःच्या शास्त्रात होता! जुन्या करारातलं "अनुवाद" हे मोशेच्या नियमांचं पुस्तक, अध्याय 23, वचनं 15 आणि 16: धन्याकडून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नकोस, तो तुझ्या गावात त्याला आवडेल तिथे राहो, त्याचा छळ करू नकोस. पौल परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, लहानपणापासून नियमशास्त्र घोकलेला. रोमचा कायदा त्याला आठवला आणि मोशेचा आठवला नाही?

पाळकांना मी हे अभ्यासानंतर विचारलं. ते म्हणाले, इतक्या खोलात मुलांना नेऊ नये. मला वाटतं न्यावं.

खडूफळा

"अनुवाद" पुस्तकातला मुद्दा बिनतोड आहे, याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. स्टुअर्टनं याला पळवाट काढली होती की तो नियम परराष्ट्रातून पळून आलेल्या गुलामापुरता आहे. पळवाटच ती.

एवढंच म्हणेन की अनेसिम स्वतः दाद मागायला गेला असेल तर तो "पळून आलेला" नाही, आणि मग हा नियम लागूच होत नाही. पण हे "असेल तर" वर उभं आहे, मान्य करतो.

अनुवादवेडी

मी इथे सहसा फक्त वाचते, पण "दास" या शब्दावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

मराठीत "दास" म्हटल्यावर काय उभं राहतं? रामदास. विष्णुदास. कीर्तनात बुवा स्वतःला दास म्हणवतात तेव्हा त्यात मान असतो. या शब्दाला आपल्याकडे तुळशीचा वास आहे. मूळ ग्रीक शब्द "दूलॉस" ऐकणाऱ्याला बाजार आठवायचा, किंमत आठवायची, पाठीवरचे वळ आठवायचे. आपल्या छापील बायबलात अनेसिम "दास" आहे. म्हणून त्या मुलीआधी कुणाला प्रश्नच पडला नाही. "गुलाम" असतं तर पहिल्या वाचनाला पडला असता.

वसईवारा

अनुवादवेडी, मग रोमकरांस पत्राची सुरुवात "येशू ख्रिस्ताचा गुलाम पौल" अशी करायची? शब्द तोच आहे तिथे. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) हे कुणी वाचू देणार नाही.

अनुवादवेडी

करावी, असं मला खरंच वाटतं. पौल जेव्हा स्वतःला ख्रिस्ताचा "दूलॉस" म्हणायचा तेव्हा समोर बसलेल्या खऱ्या गुलामाला ते कसं लागत असेल? त्याला कुणी तो शब्द निवडायला सांगितला नव्हता. "दास" लिहून ही बोच आपण काढून टाकली.

आणि आता एक गंमत पाहा, या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त भिडलेली. रोमकरांस, फिलिप्पैकरांस, तीताला, या पत्रांच्या पहिल्या ओळीत लिहिणारा स्वतःला दूलॉस म्हणवतो. फिलेमोनाला लिहिताना? "ख्रिस्त येशूचा बंदिवान पौल." दूलॉस हा शब्द तो अख्ख्या पत्रात फक्त सोळाव्या वचनात वापरतो, दोनदा, आणि दोन्ही वेळा अनेसिमावरून तो काढून घेण्यासाठी. ज्या पत्रात एका गुलामाबद्दल बोलायचंय तिथे त्यानं "मीही गुलामच" अशी फुकटची बरोबरी केली नाही. हा योगायोग असेल असं मला वाटत नाही. शब्दांच्या बाबतीत हा माणूस फार सावध आहे.

नावाचंच बघा. अनेसिम म्हणजे "उपयोगी". गुलामांना अशीच नावं ठेवत, आपण भांड्याला ठेवू तशी. पौल दहाव्या वचनात आधी म्हणतो "माझं लेकरू", मग म्हणतो "ज्याला मी बेड्यांत असताना जन्म दिला", आणि ग्रीकमध्ये वाक्याच्या अगदी शेवटी नाव येतं. ऐकणाऱ्यांना नाव कळायच्या आधी लेकरू कळलंय. पुढे "निरुपयोगी" आणि "उपयोगी" यांना तो "आख्रेस्तॉस" आणि "युख्रेस्तॉस" म्हणतो, ज्यांत त्या काळच्या उच्चारात "ख्रिस्तॉस" ऐकू येतं. विसाव्या वचनात फिलेमोनाला म्हणतो, आता मला तुझा उपयोग होऊ दे, आणि तिथे अनेसिमाच्या नावाशी जुळणारं क्रियापद घालतो. उपयोगाचं नाव आता मालकाला चिकटवलं!

बारावं वचन तर मराठीसाठीच लिहिलंय. "स्प्लांख्ना" हा शब्द, म्हणजे शब्दशः आतडी. याला परत पाठवतोय, म्हणजे माझं आतडंच पाठवतोय. आपण म्हणतो ना, आतडं तुटतं. दुसऱ्या कुठल्या भाषेला हे इतकं सहज जमेल?

निळीपाटी

तुमचं वाचून पत्र परत उघडलं. ग्रीक मला येत नाही, पण लेकरू आधी आणि नाव नंतर, हे विसरता येणार नाही.

तरी एक राहतंच. पौल बोलतो, फिलेमोन ऐकतो, मंडळी ऐकते. अनेसिमाचा एक शब्द नाही. "मला जायचंय" किंवा "मला नाही जायचं", काहीच नाही. चौदाव्या वचनात पौल म्हणतो, तुझ्या संमतीशिवाय मला काही करायचं नव्हतं. संमती कुणाची? मालकाची! लेकराची कुणी विचारली?

मुकादमाचाऊस

बीडकडचा आहे. आई-बाप ऊसतोडीला जायचे, मी कोपीत वाढलो. बायबलचं मला काही कळत नाही, पण "देणं माझ्या नावावर मांड" हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्यात उचल घेतली की हंगामभर तुम्ही त्या आकड्याचे. फडावरून एक कुटुंब रातोरात निघून गेलं होतं, बाईला बरं नव्हतं म्हणून. चार दिवसांनी जीपमध्ये घालून परत आणलं. मी नऊ वर्षांचा होतो. त्या वेळी तिथे कुणी पुढं होऊन "यांची उचल किती आहे, माझ्या नावावर लिवा" म्हणालं असतं तर त्या माणसाचे पाय धरले असते आम्ही. मुक्ती-बिक्ती नंतर. आधी वही बंद व्हायला लागते. ज्याच्यावर आकडा आहे त्याला "भाऊ" म्हणून काय उपयोग. हा पौल आधी आकडा उचलतो आणि भाऊही म्हणतो. मला तरी त्यानं हात झटकले असं वाटत नाही.

प्रवराकाठ

दादा, वीस वर्षं हे पत्र शिकवतेय आणि अठराव्या वचनावरून मी दरवेळी भरभर पुढे गेले. हिशेबाचं वचन म्हणून. तुमच्यामुळे आज थांबले.

पण जीपमध्ये घालून परत आणणारे आणि पत्र देऊन परत पाठवणारा, यांत फरक आहे हे मान्य करूनही, परत जाणं ते परत जाणंच. त्या बाईला परत जाताना जे वाटलं असेल तेच अनेसिमाला.

मुकादमाचाऊस

ते खरं आहे ताई. ती बाई गाडीतून उतरलीच नाही, उतरवावी लागली.

तिळगूळओहायो

एक बाब राहून गेली. इग्नेशियस नावाचा अंत्युखियाचा बिशप दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षा भोगायला रोमला नेला जात होता. वाटेतून त्यानं इफिसच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात तिथल्या बिशपचं नाव आहे अनेसिम. अमेरिकन अभ्यासक जॉन नॉक्सनं 1935 मध्ये मांडलं की हाच तो, आणि त्यानंच हे पत्र जपलं, म्हणून ते नव्या करारात आलं. नाहीतर एवढं खाजगी पान टिकायचं कारण काय? म्हणजे फिलेमोनानं त्याला सोडलं होतं!

खडूफळा

मोहक आहे, पण पुरावा नाही. अनेसिम हे गुलामांचं अगदी नेहमीचं नाव. पन्नास वर्षांनंतरचा इफिसचा अनेसिम दुसराच कुणी असू शकतो. कलस्सैकरांस पत्रात मात्र पौलाचा सहकारी तुखिक याच्याबरोबर येणारा "विश्वासू व प्रिय बंधू अनेसिम" आहे, आणि तो तिथलाच असल्याचं म्हटलंय. ते पत्र पौलाच्या हातचं की नंतरचं यावर वाद आहे. आणि त्याच पत्रात "दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा" हेही आहे.

पत्र टिकण्याबद्दल बोलायचं तर अनेकांना ते टिकवण्यालायक वाटत नव्हतं. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला चौथ्या शतकात त्याची बाजू घ्यावी लागली, कारण लोक म्हणत, यात शिकवण्यासारखं काही नाही. क्रिसोस्तोमनंही बाजू घेतली. पण त्यानं काढलेला बोध काय, तर गुलामांना मालकांच्या सेवेतून काढू नये! त्याच शतकाच्या मध्यावर गंग्राच्या धर्मसभेनं धर्माच्या नावाखाली गुलामाला मालकाविरुद्ध शिकवणाऱ्याला शाप दिला. म्हणजे असं शिकवणारे तेव्हा होते, नाहीतर शाप कुणाला? आणि क्रिसोस्तोमच्याच पिढीत ग्रेगरी निसाकर हा बिशप भर प्रवचनात विचारत होता की देवाच्या प्रतिमेची, म्हणजे माणसाची, किंमत किती लावलीस, किती नाण्यांना घेतलास. ख्रिस्ती माणसंही या पत्रासारखीच दोन्हीकडे ओढली जात होती.

निळीपाटी

आणखी एक, प्रवराकाठ यांच्या गावाशी संबंध आहे म्हणून. नगरला 1831 मध्ये ज्या अमेरिकन मराठी मिशननं काम सुरू केलं, त्याची बोस्टनची मूळ संस्था अमेरिकन बोर्ड. तिनं गुलामगिरीविरुद्ध ठाम भूमिका घ्यायचं टाळलं, म्हणून तिच्यावर नाराज झालेल्यांनी 1846 मध्ये वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. म्हणजे हे भांडण तुमच्या मंडळीच्या आजोळीच झालंय. मुलांना सांगायला हरकत नाही.

वसईवारा

सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही, पौलानं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही, हेच मी म्हणेन. पण "क्षमेचं पत्र" हे मी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात यापुढे शिकवणार नाही. फलकावर नुसतं "अनेसिम" लिहीन आणि मुलांना विचारीन, तुम्ही गेला असता का?

प्रवराकाठ

मीही जागची हलले नाही. त्यानं लिहायला हवं होतं. पण आता वाटतं, त्याला ते कळत होतं. नाहीतर आतडं तुटलं नसतं.

येत्या शनिवारी अभ्यासाला पुन्हा हेच पत्र घ्यायचं ठरवलंय, पाळकांनी हो म्हटलं. पंचवीसच्या पंचवीस वचनं एका दमात मोठ्यानं वाचायची, आणि "दास" तिथे "गुलाम" म्हणायचं. वाचायला त्या नववीतल्या मुलीलाच सांगितलंय. तिनं फोनवर विचारलं, "वाचताना अनेसिम कुठे उभा असेल, बाई? दारातच ना, आत बोलवेपर्यंत?"

मी हो म्हटलं.